उरलेल्यांची तबकडी

काशम्मा तुफान ऑर्केस्ट्रात सगळ्यांत मागे उभी राहायची. पुढे रामहरी, गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार. त्याच्या शेजारी रंभा, चमकीची साडी नेसलेली, हातात माइक. मग बेस गिटारवाला सिद्धाराम, मग खुर्चीत अकॉर्डियन घेऊन मी, आणि ड्रमसेटच्या पलीकडे, मागच्या पडद्याला जवळजवळ टेकून, काशम्मा. तिला वेगळा माइक नव्हता. रंभाचा आवाज वर चढला की खालून नुसता आधार द्यायचा, एवढंच तिचं काम. तिचा आवाज जाड, खर्जातला. ती समोर बसलेल्यांना दिसायची नाही आणि वेगळी अशी ऐकूही यायची नाही. पण एखाद्या कार्यक्रमाला ती आली नाही की रंभाचा सूर हमखास घसरायचा. मी तिच्या जवळच बसत असल्यामुळे मला ते कळायचं.

मी दिवसा शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो, म्हणून पार्टीत सगळे मला मास्तर म्हणत. सोलापुरात तेव्हा पेठेपेठेत ऑर्केस्ट्रे होते आणि सगळे सिनेमाची गाणी वाजवायचे. आमचा रामहरी वेगळा होता. मोहोळचा, आडत्याचा मुलगा, कॉलेज अर्धवट टाकून आलेला. रेडिओवर ऐकलेलं विलायती रॉक त्याच्या डोक्यात भिनलं होतं. गाणी मात्र स्वतः मराठीत रचायचा, आणि गिटार अशी पिटायचा की भवानी पेठेतल्या मागांचा खडखडाट तिच्यात ऐकू यावा. गणपतीत आमच्या स्टेजसमोर दोर बांधून गर्दी आवरावी लागायची.

रामहरीची गिटार सोडली तर वाद्यं, स्पीकर, गाडी, 'तुफान' हे नावसुद्धा बसलिंगप्पा अण्णांचं होतं. त्यांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. गोदामामागे त्यांचीच चार खोल्यांची चाळ, आणि त्यातल्या कडेच्या खोलीत काशम्मा आणि तिची आई शांतम्मा राहत. हे विणकराचं तेलुगू घर. बाप गेला, भाऊ भिवंडीला पॉवरलूमवर गेला तो तिकडचाच झाला. शांतम्मा कमरेखाली लुळी पडली होती. तिला उचलायचं, धुवायचं, कूस बदलायची, हे सगळं काशम्माकडे. सकाळी आईचं आवरून ती विडी कारखान्यात जायची, आणि कार्यक्रम असेल तेव्हा आमच्याकडे. अण्णा खोलीचं भाडं घेत नसत. त्याबदल्यात काशम्माने ऑर्केस्ट्रात गायचं, असं कधी कुणी बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्र्याहत्तर साली अण्णांनी तुफानची मोठी तबकडी काढायचं ठरवलं. मुंबईच्या एका छोट्या कंपनीशी बोलणं झालं. रामहरीची आठ गाणी, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. अण्णांचा उत्साह एवढा की गाणी रेकॉर्ड व्हायच्या आधीच त्यांनी कव्हर छापून घेतलं. निळ्या पार्श्वभूमीवर गिटार घेतलेला रामहरी आणि मान तिरकी करून हसणारी रंभा. खाली लहान अक्षरात 'आणि साथीदार'.

आणि मुंबईला जायला थोडे दिवस उरले असताना रामहरी, रंभा आणि आमचा ड्रमवाला, तिघं एकदमच तुफान सोडून गेले. मुंबईच्या एका बड्या ऑर्केस्ट्राने त्यांना बोलावलं होतं.

जायच्या दिवशी दुपारी रामहरी विडी कारखान्याच्या फाटकाशी काशम्माला भेटला. हे तिनेच मला पुढे सांगितलं.

"तू पण चल की," तो म्हणाला. "तिकडं कोरसला माणसं लागतात. मी शब्द टाकतो."

"आन् अम्माला कोण उचलंल?"

"भावाला बोलाव."

"तो येनार न्हाय, तुमाला म्हाईतंय."

"मग कुणी बाई ठेव. काशम्मा, हितं ऱ्हायलीस तर जन्मभर विड्या वळशील, बघ."

ती फाटकाकडे वळली. रामहरी "बरं" म्हणून सायकलवर बसला. काशम्मा परत आत गेली आणि संध्याकाळपर्यंत विड्या वळत बसली. "मला राग न्हाय आला मास्तर," ती म्हणाली होती. "खरंच बोलला की त्यो."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी उरलेल्यांना गोदामात बोलावलं. मी, सिद्धाराम आणि काशम्मा. बांबूंच्या ढिगाजवळ कव्हरांचे गठ्ठे रचलेले होते.

"तबकडी होणार," अण्णा म्हणाले. "कव्हर छापलंय, कंपनीला शब्द दिलाय. ते गेले म्हणून तुफान संपलं असं लोकांनी म्हणायचं नाही."

"गाणार कोण?" सिद्धारामने विचारलं.

अण्णांनी काशम्माकडे बोट केलं. "हिला सगळी गाणी पाठ आहेत. रंभासारखं बारीक गायचं, बस्स."

"माजा आवाज तसा न्हाय अण्णा."

"मग तसा कर. खोलीचा विचार कर जरा, आणि कर."

अण्णा ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. काशम्माने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

अडचण पुढेच होती. आठांतली चार गाणी रामहरीने मुंबईच्या ऑर्केस्ट्राला देऊन टाकली होती, ती आम्हाला वापरता येत नव्हती. म्हणजे एक बाजू अख्खी रिकामी. आणि ड्रम वाजवायला माणूसच नाही. अण्णांच्या गोदामात गुंडा म्हणून एक धनगर बांबू वाहायला होता. माळशिरसच्या बाजूचा. दुष्काळात मेंढरं गेली आणि तो शहरात आला. त्याला ड्रमसेट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्याचा ढोल त्याने बरोबर आणला होता. त्याने एकदा ढोलावर काठी टाकली आणि गोदामाचे पत्रे थरथरले. सिद्धाराम हसला, म्हणाला, "हाच की बे आपला ड्रमवाला!"

गाण्यांचं मी काशम्मालाच विचारलं, सिद्धारामला घेऊन तिच्या खोलीवर गेलो. कारखान्यात बायकांबरोबर विड्या वळताना ती काहीबाही गुणगुणते, हे मला माहीत होतं. आधी ती लाजली. "ती कुटं गानी हायत, नुस्तं मनातलं बडबडायचं." शेवटी शांतम्माच खाटेवरून तेलुगूत काहीतरी ओरडली, आणि काशम्माने भिंतीकडे तोंड करून गायला सुरुवात केली.

दाराला कडी न्हाई, पायाला बेडी न्हाई,
तरी बाई उंबरा सरत न्हाई.

आणि मध्येच तेलुगू: तलुपु तीसे उंदि. म्हणजे दार उघडंच आहे. एवढे तीनच शब्द, ती पुन्हा पुन्हा म्हणायची, दर वेळी थोडं खाली उतरून. सिद्धाराम बेस गिटार घेऊन बसला होता, त्याने तारेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. तो हुबळीचा, त्याला तेलुगू कळत नव्हतं. तरी त्याचे डोळे भरले.

अशी चार गाणी झाली. दुसऱ्या बाजूची.

शेजारणीला आईजवळ बसवून काशम्मा मुंबईला आली. प्रवासभर ती एकच बोलत होती, "अम्माला पानी पाजलं असंल का?" स्टुडिओत तिला एका बारक्या खोलीत उभं केलं. भिंतींना गाद्या, पुढे काच, आणि दार इतकं जाड की बंद झालं की कानात दडे बसायचे. दार लागलं तशी तिने काचेतून आमच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला आजही आठवतो. घाबरलेला म्हणता येणार नाही. आपल्याला इथं ठेवून सगळे निघून जाणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

पहिल्या बाजूची गाणी तिने रंभासारखी बारीक गायली. वाईट झाली. मी त्या चार गाण्यांची बाजू कधीच घेणार नाही. मांजर पिंजऱ्यात कोंडल्यासारखा आवाज लागला होता तिचा. अण्णा मात्र खूश होते. ते जेवायला बाहेर गेले तेव्हा वेळ संपत आली होती. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ वैतागलेले. गुंडाच्या ढोलाने यंत्रावरचे आवाज मोजायचे काटे उडत होते म्हणून त्यांनी त्याला बाहेर बोळात बसवलं आणि त्याला ऐकू यावं म्हणून सगळी दारं अर्धवट उघडी ठेवली.

"बाई, जसं येतं तसं गा," ते माइकवरून म्हणाले. "आता पुन्हा पुन्हा घ्यायला वेळ नाही."

काशम्मा जसं येतं तसं गायली. रामहरीची लाल गिटार त्याच्याबरोबर गेली होती, म्हणून सिद्धारामने बेस सोडून एक जुनी गिटार वाजवली, तीही कच्चीच. लांबून, बोळातून, डोंगराआडून यावा तसा ढोल येत होता. आणि त्यावर तो जाड, जमिनीला टेकलेला आवाज. चारही गाणी एकेकदाच घेतली. अण्णा परत आले तोवर आम्ही वाद्यं गुंडाळत होतो.

तबकडी आली ती त्या निळ्या कव्हरातच. लोकांनी रामहरी-रंभाचं चित्र बघून घेतली, घरी जाऊन वाजवली आणि भांडत परत आले. "फसवणूक हाय की ही!" एका माणसाने अण्णांच्या दुकानात तबकडी पायाखाली घेतली. काशम्मा तेव्हा तिथंच मंडपाची झालर शिवत बसली होती. तिने तुकडे गोळा करून केरात टाकले. पहिलीच बाजू इतकी वाईट होती की दुसरी बहुतेकांनी लावलीच नाही. उरलेल्या पेट्या गोदामात सतरंज्यांखाली गेल्या. आम्हीसुद्धा त्या तबकडीचं नाव काढेनासे झालो.

पण तुफान बंद झालं नाही. अण्णांनी दुसरा गिटारवाला आणला, गुंडाला परत बांबूंवर धाडलं आणि काशम्माला पुढे उभं केलं, रंभा म्हणून. जाहिरातीत 'रंभा', माइकवर 'रंभा'. दुरून, लाल दिव्यात, खेड्यापाड्यातल्या लोकांना काय कळणार? चमकीची साडी तिला आखूड पडायची. ती पदर ओढून ओढून, रंभासारखी मान तिरकी करून, रंभाच्या बारीक आवाजात गायची. लग्नं, जत्रा, गणपती, साखर कारखान्यांचे मेळावे. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

एकदा अक्कलकोटहून परत येताना गाडीत ती गळा धरून बसली होती. मी विचारलं, "दुखतोय?"

"रोजचंच हाय की. दुसऱ्याचं पोलकं घालावं, काखेत काचतंय, तसं."

"मग सोड की हे."

"आन् खोली? अम्माला घेऊन कुटं जाऊ, मास्तर? आदी मागं हुबी ऱ्हायची ती मी तरी हुते. आता मी मागं पन न्हाय आन् फुडं पन न्हाय."

सत्याहत्तरच्या सुरुवातीला शांतम्मा गेली. दहावं-तेरावं झाल्यावर मी तिला म्हटलं, "आता तुला बांधून ठेवणारं कुणी नाही." ती खाटेच्या रिकाम्या नवारीकडे बघत होती. "व्हय," म्हणाली. "पन सवय ऱ्हायली न्हाय मला जायाची." आणि पुढच्याच आठवड्यात ती रंभा होऊन बार्शीच्या कार्यक्रमाला गेली.

त्याच उन्हाळ्यात ती तबकडी पुन्हा वर आली, तीही अपघाताने. भवानी पेठेत विणकराच्या घरचं लग्न होतं, मंडप अण्णांचा. लाउडस्पीकरवाल्याने तबकड्यांची पेटी उन्हात ठेवली, आणि सगळ्या तबकड्या पापडासारख्या वाकल्या. त्याने गोदामातून हाताला आली ती पेटी आणली आणि गडबडीत तबकडी उलटी लावली. पंगत बसली होती. वाढणाऱ्या बायका बहुतेक विडी कारखान्यातल्या. ढोल सुरू झाला, मग तो आवाज. उंबरा सरत न्हाई. मी पंगतीत होतो. माझ्या समोर भाताचं भांडं घेऊन आलेली बाई तिथंच थांबली. तलुपु तीसे उंदि आलं तेव्हा एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. गाणं संपलं तशा बायका स्पीकरवाल्याकडे गेल्या. "परत लाव!"

त्या दिवशी त्याने ती बाजू किती वेळा लावली कुणास ठाऊक. मग दुसऱ्या लग्नात मागणी झाली, मग तिसऱ्या. मुलगी सासरी निघताना 'ती ढोलाची तबकडी' लागलीच पाहिजे, असं होऊन बसलं. मी माझ्याकडची काढून पुन्हा ऐकली, दिवसाउजेडी, शांतपणे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही काय करून बसलो होतो. रामहरी असताना सगळं पुढे धावायचं, लोकांना उचलून न्यायचं. या गाण्यांत कुणीच कुठं जात नव्हतं. ढोल बोळातच अडकलेला, कच्ची गिटार त्याच त्या दोन सुरांशी घुटमळणारी, आणि काशम्मा गादीच्या भिंतींमध्ये. पण असं गाणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

अण्णांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यांनी पुन्हा तबकड्या काढल्या, कव्हर तेच. "चाललंय तर बदलायचं कशाला?" ते म्हणाले. सगळं सोलापूर म्हणत होतं, रंभा काय गाते!

अठ्ठ्याहत्तरात रामहरी परत आला. मुंबईत तो दुसऱ्यांच्या गाण्यांना गिटार वाजवत राहिला होता, रंभा लग्न करून नाशिकला गेली होती. स्वतःचं चित्र असलेली तबकडी त्याने कधी ऐकली नव्हती. ऐकायची लाजच वाटत होती, म्हणाला. माझ्या घरी मी त्याला दुसरी बाजू लावून दिली. चारही गाणी होईपर्यंत तो जमिनीवर बसून राहिला. मग स्वतः उठून सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"आम्ही असतो तर हे झालं नसतं," तो म्हणाला. "मी तिला माइकच दिला नसता, मास्तर."

तो तसाच उठून काशम्माकडे गेला, मीही बरोबर. ती दारात तंबाखू निवडत बसली होती.

"काशम्मा, नवी तबकडी करू. तुझ्या नावाने, तुझ्या चित्राने. गुंडाचा ढोल, तुझीच गाणी. मी नुसती गिटार धरतो, मागं उभा राहून."

तिने तंबाखूचं सूप बाजूला ठेवलं. मग हसली. इतक्या वर्षांत मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "खरंच म्हनता?"

दोन दिवसांनी आम्ही गोदामात जमलो. गुंडा आला, सिद्धाराम आला. ढोल सुरू झाला. काशम्माने डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि खालचा सूर आलाच नाही. नुसती हवा आली. ती पाणी प्यायली, तिने पुन्हा प्रयत्न केला. बारीक आवाज लागत होता, रंभाचा. तिचा स्वतःचा लागत नव्हता. गुंडाने काठी खाली ठेवली.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा तपासला आणि सांगितलं, आत गाठी आल्या आहेत, वर्षानुवर्षं आवाज ताणून गायल्याच्या. विश्रांती घेतली तर दुखणं थांबेल, पण पहिला आवाज परत येईल असं सांगता येत नाही. रामहरी बाहेर येऊन कट्ट्यावर डोकं धरून बसला. काशम्मा त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर ती तुफानमध्ये गेली नाही. अण्णांचा माणूस साडी घेऊन आला तेव्हा तिने ती घडी करून परत दिली. "अण्णांना सांग, रंभा नाशिकला गेली." अण्णांनी महिन्याच्या आत खोली मागितली. रामहरीने त्यांच्याशी भांडून बघितलं, निदान कव्हरावर तिचं नाव तरी घाला म्हणून. ते ऐकून घ्यायचे आणि "बघू" म्हणायचे. नाव कधी आलं नाही.

मी आणि सिद्धारामने तिचं सामान हातगाडीवर टाकून विडी कारखान्याजवळच्या एका खोलीत नेलं. एक ट्रंक, भांडी, आईची खाट. जिना अरुंद होता, खाट उभी करून न्यावी लागली. खोलीला एकच खिडकी, समोर कारखान्याची भिंत. ती खिडकीशी उभी राहून भिंतीकडे बघत म्हणाली, "हवा येती की पन."

मी तिच्यासाठी तबकडी नेली होती. माझा जुना ग्रामोफोनही देऊ केला.

"नको मास्तर," ती म्हणाली. तिचा बोलण्यातला आवाजही आता बसका झाला होता. "ती बाई लई चांगलं गाती. तिच्याशेजारी ऱ्हायला मला जमायचं न्हाय."

मी तबकडी परत पिशवीत घातली. सिद्धाराम स्टोव्हला पंप मारत होता, तो पेटेना. काशम्माने त्याला बाजूला सारलं, पिन काढली आणि स्टोव्ह साफ करायला बसली.